गलबतावरची दोन पावलं

आमच्या कंपनीची सहल गोराईला गेली नसती तर पुढचं काही झालंच नसतं, असं मामंजी अजून म्हणतात. म्हणोत बापडे. सहल काही मी ठरवली नव्हती. मुलुंडच्या एका औषध कंपनीत आम्ही चाळीस बायका पॅकिंगला आहोत आणि दर जानेवारीत युनियन आम्हाला कुठेतरी नेऊन भजी खायला घालते. शहाऐंशी साली नेलं गोराईला, खाडीपलीकडे. तिथे कोणा शेठने नारळाच्या वाडीत बाग काढली होती. झोपाळे, उंटावरची फेरी, बदकांचं तळं, आणि मधोमध सिमेंटच्या चौथऱ्यावर चढवलेलं एक जुनं गलबत. तिकीट काढायचं, शिडीने वर चढायचं, फोटो काढायचे आणि उतरायचं. चौथऱ्यावर पाटी होती: 'ऐतिहासिक मालवाहू गलबत. कोकण किनाऱ्यावरील शंभर वर्षांपूर्वीचे शिडाचे जहाज.' बाकीच्या बायका खिदळत वर गेल्या. मी खालीच राहिले, कारण गलबताच्या पाठच्या फळीवर कोरलेलं नाव मी वाचलं होतं. भगवतीप्रसाद, देवगड.

हे नाव आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी तोंडाने घेत नाही.

मामंजी म्हणजे माझे सासरे, लवू. ते आणि त्यांचा थोरला भाऊ धोंडू, दोघेही या भगवतीप्रसादवर खलाशी होते. देवगडहून मुंबईला कौलं, मीठ, सुकी मासळी, जे मिळेल ते भरून न्यायचे. आमच्याकडे एक नियम होता, बाईने गलबतावर पाय ठेवायचा नाही. नारळी पुनवेनंतर गलबत पहिल्यांदा बाहेर पडतं तेव्हा तर धक्क्याच्या अलीकडेच थांबायचं. ओवाळायचंसुद्धा लांबूनच. अठ्ठेचाळीस साली असंच गलबत सुटायच्या बेतात होतं आणि धोंडूकाकांचं कांबळं घरी राहिलं. त्यांची बायको, सोनूबाई, वीस वर्षांची होती. ती कांबळं घेऊन धावत धक्क्यावर गेली. काका वरून हात पुढे करत होते, हात पुरेना, म्हणून ती फळीवरून दोन पावलं पुढे गेली आणि गलबताच्या काठावर पाय ठेवून तिने कांबळं दिलं. लगेच मागे फिरली. पण धक्क्यावर अर्धं गाव होतं आणि अर्ध्या गावाने बघितलं.

सातव्या दिवशी धोंडूकाका पाण्यात पडले. प्रेतही मिळालं नाही. मामंजी एकटे घरी आले आणि अंगणात उभे राहून सगळ्यांसमोर म्हणाले की बाईलमाणसान पाय ठेवल्यान, दर्यान माझ्या भावाक नेल्यान. संपलं. त्या दिवशी सोनूबाईच्या डोक्यावर जे खापर फुटलं ते कोणी उचललंच नाही.

मामंजींनी त्यानंतर समुद्र सोडला. मुंबईला येऊन गिरणीला लागले, लग्न केलं, घाटकोपरला भटवाडीत खोली घेतली. माझा नवरा जयवंत पाच वर्षांचा असताना सासूबाई तापाने गेल्या, तेव्हा पोरांचं करायला गावाहून कोणाला आणलं असेल? सोनूबाईला. जिच्या पायाने भाऊ गेला म्हणून गावभर सांगितलं, तिलाच स्वयंपाकाला आणून बसवलं. आम्ही सगळे तिला काकी म्हणतो. जयवंतला तिनेच वाढवलं. आणि त्याच घरात तिला कायदे होते. कोणी प्रवासाला निघालं की काकीने आत जायचं. गणपती आणताना काकीने दारात यायचं नाही. शेजारीपाजारी सगळ्यांना ठाऊक होतं आणि तेही आपापल्या पोरींच्या बघण्याच्या दिवशी काकीला टाळायचे.

मी काही मोठी सुधारक नाही, हे आत्ताच सांगून टाकते. जयवंत बेस्टमध्ये कंडक्टरच्या इंटरव्ह्यूला निघाला त्या सकाळी मीच काकीला म्हटलं होतं, काकी, तो जाईपर्यंत जरा मोरीतच थांबा. ती थांबली. भांडी घासलेलीच होती, ती तिने परत घासली. जयवंतला नोकरी लागली आणि मला वाटलं, बघा, केलं ते बरं केलं. आठवलं की आता स्वतःचीच लाज वाटते, पण तेव्हा वाटली नव्हती, हे खरं.

सगळ्यात वाईट हे की काकी स्वतःही ते मानायची. आम्ही खाट घेतली तर महिनाभर त्यावर बसली नाही. मी म्हटलं, बसा हो. तर म्हणाली, माझे पाय बरे नाय, बाय. नवीन वस्तूक लागूक नको. रात्री पाय चेपत बसायची आणि पुटपुटायची. मला वाटायचं संधिवात असेल.

तर सहलीहून आले त्या रात्री जेवताना मी सांगून टाकलं की गोराईला एक गलबत बघितलं, भगवतीप्रसाद नावाचं, देवगडचं. आता तुम्ही म्हणाल, कशाला सांगितलंस. मला पोटात काही राहत नाही, आणि खरं सांगायचं तर मामंजींचं तोंड कसं होतं ते मला बघायचं होतं. संपापासून ते घरी बसून होते, गिरणी काही परत सुरू झाली नाही, आणि दिवसभर चाळीतल्या लोकांना दर्यावरच्या गोष्टी सांगायचे. आपण वादळात काय केलं, तांडेल, म्हणजे गलबताचा कप्तान, कसा आपल्यावर खूश होता, असलं सगळं. मला त्या गोष्टींचा वीट आला होता. मामंजींचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, एका नावाची धा गलबतां आसतत. आणि भात कालवायला लागले.

भांडी घासताना काकीने मला विचारलं, वर चढता येतं का. म्हटलं, तिकीट काढलं की येतं. बायकांनाही? म्हटलं, आमच्या चाळीसच्या चाळीस बायका चढल्या. तिने कढई पालथी घातली आणि म्हणाली, "माका थंय व्हर."

म्हणजे मला तिथे घेऊन चल. अठ्ठावीस वर्षं ती त्या घरात होती, कधी सिनेमाला ने म्हणाली नाही, कधी साडी माग म्हटलं तर मागितली नाही. मी चाटच पडले. कशाला, असं विचारलं तर म्हणाली, ते खंय उभे होते ता माका एकदा बघूचा आसा. ते म्हणजे धोंडूकाका.

मामंजींना कळलं आणि तीन आठवडे घरात धुमश्चक्री. एकदा पाय ठेवून एक माणूस घालवला, आता परत कशाला, हे त्यांचं पालुपद. जयवंत दोन्हीकडून मार खात होता. शेवटी तो म्हणाला, बाबा, ते गलबत सिमेंटवर आहे, बुडणार कुठे. त्यावर मामंजी म्हणाले की तू गप रव, तुका काय कळता. काकी मात्र भांडलीच नाही. ती रोज सकाळी मला एवढंच विचारायची, येत्या रविवारी जायचं ना? असला हट्ट मी तिच्यात कधी पाहिला नव्हता. चौथ्या रविवारी आम्ही दोघी निघालो तर मामंजी कोट घालून दारात उभे. म्हणाले, बायकांना एकटं कसं पाठवायचं. जयवंतला ड्युटी होती. म्हणजे आम्ही तिघंच.

घाटकोपरहून आरे कॉलनीतून गोरेगाव, तिथून दुसरी बस बोरिवली, तिथून तिसरी गोराईच्या धक्क्याला. आरेत बस गोठ्यांजवळ बंद पडली आणि अर्धा तास शेणाच्या वासात बसलो. मामंजी पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होते. खाडी ओलांडायला लाँच होती. काकी लाँचमध्ये कोळणींच्या पाट्यांच्या मध्ये बसली, पाय पोटाशी घेऊन. मी म्हटलं, पाय खाली सोडा की, इथे सगळ्या बायकाच आहेत. तिने सोडले नाहीत.

बागेत रविवारची गर्दी होती. गलबताच्या शिडीपाशी भीमराज नावाचा माणूस तिकिटं फाडत होता. शेठने त्याला पांढरा सदरा, निळी कॉलर आणि सिनेमातल्या नाविकाची टोपी घातली होती. मी मागच्या वेळी त्याच्याशी बोलले होते. मूळचा बीडकडचा, कुटुंब रमाबाई नगरला, म्हणजे आमच्याच घाटकोपरचा. समुद्र पहिल्यांदा बघून त्याला पाचच वर्षं झाली होती. माहितीचा एक कागद शेठने लिहून दिला होता, तो त्याने पाठ केला होता आणि दर तुकडीला तेच खणखणीत आवाजात म्हणून दाखवायचा. माणूस चांगला. काकीचं वय बघून त्याने हात पुढे केला.

मामंजी म्हणाले, मी खालीच थांबतो. गलबताकडे त्यांनी नीट पाहिलंही नव्हतं, पण तेच आहे हे त्यांना कळलं होतं. चप्पल मात्र त्यांनी काढून ठेवली होती. काकीनेही काढली.

शिडीच्या वरच्या पायरीपर्यंत काकी भराभर चढली आणि तिथे थांबली. एक पाऊल टाकलं की गलबत. ती टाकेना. मी तिच्या मागे, माझ्या मागे चार माणसं, त्यातला एक म्हणाला, आजीबाई, चला ना, ऊन लागतंय. मी त्याला म्हटलं, लागू दे, वितळणार नाहीस तू. मी काकीला काही समजावलं नाही. काय समजावणार? ज्या बाईने मोरीत थांबवलं तिने कोणत्या तोंडाने सांगायचं की काकी, हे सगळं खोटं असतं. बराच वेळ गेला. मग तिने उजवा पाय उचलून आत ठेवला, मग डावा. काही झालं नाही. काय होणार होतं? ती दोन क्षण आपल्या पायांकडेच बघत राहिली आणि मग बाजूला झाली, म्हणजे मागच्यांना वाट मिळेल.

पाच मिनिटांत मामंजी वर. त्यांना खाली राहवणं शक्यच नव्हतं, हे मला आधीच कळायला हवं होतं. वर आले आणि माणूसच बदलला. चूल चुकीच्या बाजूला ठेवली आहे. पाण्याच्या पिंपाला निळा रंग कोणत्या गाढवाने दिला. दोर नायलॉनचे आहेत, नायलॉन तेव्हा होतं कुठे. हे सगळं मोठ्याने. लोक जमायला लागले. भीमराजला राग यायला हवा होता, पण तो कागदाच्या मागच्या बाजूला पेन्सिलने लिहून घ्यायला लागला. बाबा, सांगा तुम्ही, म्हणाला, मला काय, जे लिहून दिलं ते बोलतो. मामंजींना आणखी चढलं. कौलं कशी रचायची, भरती कशी बघायची, आंघोळ कुठे करायची, सगळं सांगितलं. मला कबूल करायला हवं, ते छान सांगत होते. चाळीत सांगायचे तशा फुशारक्या नव्हत्या त्यात.

काकीने मध्येच विचारलं, ते खंय उभे रवत? मामंजींनी पुढच्या टोकाकडे बोट केलं. नाळेवर. काकी तिकडे गेली, एका हाताने लाकूड धरलं आणि आमच्याकडे पाठ करून उभी राहिली. तिथून खाली बदकांचं तळं दिसत होतं. पाण्यात पोरं पावाचे तुकडे टाकत होती. मला वाटलं, झालं, बघून झालं, आता परत जाऊ. मला भूक लागली होती.

तुकडी बदलली, आधीचे उतरले. मधल्या रिकाम्या वेळात भीमराजने मामंजींना म्हटलं, बाबा, दोराचं माझं बरोबर आहे का तेवढं बघा. आणि त्याने आपलं पाठ केलेलं म्हणून दाखवलं. शिडाला वर एक लांब आडवा वासा असतो, त्याला परबाण म्हणतात. वारा फिरला की परबाण आणि शीड डोलकाठीच्या पुढून दुसऱ्या बाजूला न्यावं लागतं. पुढे नाळेवरचा खलाशी परबाणाचं टोक ओढून घेतो, आणि मागचा खलाशी शिडाचा दोर धरून ठेवतो. "आणि तो दोर खलाशी नुसता हातात धरून उभा राहायचा, एवढी त्यांच्या मनगटात ताकद होती," असं म्हणून त्याने दोर हातात घेतला आणि छाती पुढे काढून उभा राहिला. इथे लोक फोटो काढतात म्हणे.

मामंजी भडकले. त्यांनी त्याच्या हातातून दोर हिसकावला. असा हातात धरतात? कोणी शिकवलं तुला? खाली एक लाकडी खुंटा होता, त्याला त्यांनी दोराचे दोन वेढे घेतले, झटक्यात, साठीचा माणूस, बोटं आपोआप चालत होती. दोन वेढे हवेच, म्हणाले. मग वारा कितीही भरू दे, ताण खुंट्यावर येतो, माणसावर येत नाही. पुढच्याने हाक दिली की हळूहळू सोडायचा, तोवर नाही. आणि मग रागाच्या भरात पुढचंही बोलून गेले.

"नुसतो हातात धरलंस आणि वारो भरलो, तर दोर निसटता, परबाण गरकन फिरता, आणि नाळेवरचो माणूस सरळ पाण्यात. एक वेढो घेवक नाय म्हणान माणूस मरता."

काकीने नाळेवरून मान वळवली.

मी तेव्हा पर्समध्ये सुट्टे शोधत होते, खाली वडेवाला दिसत होता. पण मामंजींचं बोलणं मध्येच तुटलं म्हणून मी वर बघितलं. त्यांचे हात दोरावर होते आणि ते काकीकडे बघत होते. काकी त्यांच्याकडे चालत आली. अनवाणी, सावकाश, मधल्या फळ्यांवरून. समोर उभी राहिली. तिने कधी त्यांच्या नजरेला नजर दिलेली मी बघितली नव्हती.

"भावजी," ती म्हणाली, "त्या दिसा दोर कोणाच्या हातात होतो?"

मामंजी म्हणाले, वारा फार होता. ती म्हणाली, वाऱ्याचं विचारलं नाही. मामंजी म्हणाले, तांडेलाने उशिरा सांगितलं, गलबत भरलेलं होतं, अंधारून आलं होतं. काकी ऐकून घेत होती. एकेक झालं की ती थोडी थांबायची आणि परत तेच विचारायची, त्याच आवाजात, दोर कोणाच्या हातात होतो. तिसऱ्यांदा विचारल्यावर मामंजी खुंट्याशेजारी खाली बसले.

"माझ्या," म्हणाले.

वेढे घेतले होते का? त्यांनी मान हलवली, नाही. कित्याक नाय? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला तिथेच त्यांना दोन शब्द सुनवावेसे वाटले, पण ती जागा माझी नव्हती. ते बावीस वर्षांचे होते. तांडेल बघत होता. हाताने पेलून दाखवीन असं त्यांच्या मनात आलं. धोंडूकाकांनी नाळेवरून ओरडून सांगितलंही होतं की वेढे घे रे, वेढे घे. त्यांनी ऐकलं आणि तरी घेतले नाहीत. मग दोर तळहात सोलून निसटला. तांडेलाला माहीत होतं, बाकीच्या दोघा खलाशांना माहीत होतं. पण देवगडला उतरायच्या आधी तांडेलच म्हणाला की झील्या, घरी काय सांगशील? धक्क्यावर बाई चढली होती, हे सगळ्यांना आठवत होतं. ते सोपं पडलं.

काकी ऐकत होती. भीमराज टोपी काढून हातात घेऊन उभा होता. त्याला निम्मं समजलं असेल नसेल, पण एवढं कळत होतं की इथे आता माहिती सांगायची नाही.

"सदतीस वर्सां मी ह्या पायांका गाळी घातलंय," काकी म्हणाली. "रोज रात्री."

म्हणजे पुटपुटायची ते हे. आणि मी संधिवाताचं तेल आणून देत होते.

मला वाटलं ती रडेल. रडली नाही. तिला राग आला होता, आणि इतका जुना राग बाहेर यायला वेळ लागतो तसा तो तिच्या तोंडावर हळूहळू येत होता. ती म्हणाली, गावाक जायचं. देवळासमोर उभं राहायचं आणि सांगायचं, जसं तेव्हा अंगणात सांगितलंत तसं. मामंजींनी तोंडावरून हात फिरवला. म्हणाले, "कोणाक सांगू, वयनी? आवस गेली. तांडेल गेलो. त्या दिसा धक्क्यावर होती ती सगळी गेली. ऐकूक रवला कोण?"

त्यांना ती पळवाट वाटली असणार, पण ते खरं होतं. मी मनातल्या मनात मोजलं. त्यांची आवस, म्हणजे माझी आजेसासू, जिने काकीला माजघरात वेगळं निजवलं, ती साठ साली गेली. शेजारची माणसं मुंबईत पांगली. गावच्या घराला कुलूप. ज्यांनी ज्यांनी त्या बाईला दोष दिला त्यातला ऐकायला कोणी उरलाच नव्हता. उरलो होतो आम्ही. ज्यांनी न बघता मानलं ते.

काकीने याचा विचार केलेला दिसला नाही. ती गप्प झाली, आणि ती गप्प झाली की आमच्या घरात विषय संपतो, हे मामंजींना माहीत होतं. ते उठायला लागले. गुडघ्यावर हात ठेवून, खुंट्याचा आधार घेऊन. त्यांच्या चेहऱ्यावर मला सुटल्याचं दिसलं. खोटं कशाला सांगू, तेवढ्यासाठी मला त्यांचा संताप आला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात खालून आवाज यायला लागले. पुढची तुकडी. मुलुंडच्या कुठल्यातरी सोसायटीची सहल होती, पंचवीस-तीस माणसं, डोक्याला रुमाल, गळ्यात कॅमेरे, एकाच्या खांद्यावर ट्रान्झिस्टर, त्यात मॅच. भीमराज शिडीकडे धावला आणि त्याने हात आडवा केला. पाच मिनिटं थांबा म्हणाला, वर जरा काम चालू आहे.

"थांबवू नको रे त्यांना," काकी त्याला म्हणाली. त्याला कळावं म्हणून तिने हे मुंबईच्या मराठीत म्हटलं. "येऊ दे वर. हे बाबा सांगणार आहेत."

मामंजी म्हणाले, वयनी, नको. मला एकट्याला काय ते बोल, घरी गेल्यावर पाया पडतो, म्हणाले. काकी म्हणाली, माझ्या पायांना आता हात लावायचा नाही.

माणसं चढली. पोरं दोरांना लोंबकळली, बायकांनी सावली शोधली. भीमराजने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही. मग तो आपल्या खणखणीत आवाजात म्हणाला की मंडळी, इकडे लक्ष द्या, हे बाबा याच गलबतावर खलाशी होते, ते स्वतः माहिती सांगतील. लोक खूश झाले. कोणीतरी ट्रान्झिस्टर बारीक केला. सगळे मामंजींभोवती गोल करून उभे राहिले आणि काकी त्या गोलात त्यांच्या समोर.

मामंजी पळून जाऊ शकले असते. शिडी मोकळी होती. ते का गेले नाहीत ते मला माहीत नाही, मी त्यांना कधी विचारलंही नाही. त्यांनी कोटाची बटणं लावली. मालवणी सोडून ते साध्या मराठीत बोलायला लागले, सावकाश, शाळेत उभं केल्यावर बोलतात तसं.

"माझा भाऊ धोंडू इथे पुढे उभा होता. दोर माझ्या हातात होता. मी खुंट्याला वेढे घेतले नाहीत. म्हणून भाऊ पाण्यात पडला आणि मेला. मी गावात सांगितलं की माझ्या वयनीने गलबतावर पाय ठेवला म्हणून तो मेला. ते खोटं होतं. ती ही, माझी वयनी. तिचा काही दोष नाही."

एवढंच. मग कॅमेरावाल्या एका गृहस्थाने टाळी वाजवली, आणि त्याच्या मागून सगळ्यांनीच वाजवल्या. वा, काय सांगितलंत, अंगावर काटा आला, असं एक बाई म्हणाली. त्यांना वाटलं तिकिटातलंच आहे. मामंजी हात जोडून उभे, कशाला जोडले होते कोण जाणे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. तेही लोकांना आवडलं.

काकी टाळ्या थांबेपर्यंत थांबली. मग तिने मागे वळून बघितलं. शिडीवरून शेवटची चार-पाच माणसं अजून वर येत होती.

"भावजी," ती म्हणाली, "परत सांगा. ह्या मागच्यांका ऐकाक येवक नाय."

मामंजींनी डोळे पुसले आणि पहिल्यापासून परत सांगायला सुरुवात केली.